मल्लाचा मोबदला आणि संघटनेचा हक्क



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते दिवसा शाळेत व्यायाम शिकवीत आणि संध्याकाळी तालमीत मुलांकडून जोर-बैठका काढून घेत. कुस्तीच्या मैदानाचे हस्तपत्रक हाती आले, की जोड कोणाची लागली आहे हे पाहण्याआधी त्यांची नजर इनामाच्या आकड्याकडे जाई. ‘यात पोराचा खुराक तरी निघेल का?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे. आज तोच प्रश्न मी सातासमुद्रापलीकडच्या एका आखाड्याविषयी विचारणार आहे. विषय आहे अमेरिकेतील ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ अर्थात मिश्र युद्धकला या खेळातील व्यावसायिक लढवय्यांचा मोबदला, आणि संघटना बांधण्याची त्यांची आजवर फळाला न आलेली धडपड. सोयीसाठी मी त्यांना मल्लच म्हणेन.

हा खेळ तरुण माजी विद्यार्थ्यांना परिचित असेल. वडीलधाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जाळीने बंद केलेल्या अष्टकोनी रिंगणात दोघे उतरतात. ठोसा, लाथ, कोपर, गुडघा, पकड, हातापायाची मुरड, गळ्याचा फास या सर्वांना मुभा असते. या खेळातील सर्वांत बलाढ्य संस्था म्हणजे ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ किंवा यूएफसी. तिचा पहिला कार्यक्रम १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झाला. त्या काळी नियम इतके तोकडे होते, की सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांच्या कोंबड्यांची झुंज म्हटले आणि राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे धाडून बंदीची मागणी केली. जानेवारी २००१ मध्ये लास व्हेगासच्या फर्टिटा बंधूंनी ही डबघाईला आलेली संस्था ‘झुफा’ या कंपनीमार्फत अवघ्या २० लाख डॉलरांना विकत घेतली. २०१६ साली तीच संस्था सुमारे ४०० कोटी डॉलरांना विकली गेली. २०२३ पासून ती ‘टीकेओ’ या समूहाचा भाग आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्या अमेरिकेतील प्रक्षेपण-हक्कांसाठी पॅरामाउंट कंपनीशी सात वर्षांचा ७७० कोटी डॉलरांचा करार झाला.

व्यवसायाची भरभराट झाली यात वाद नाही. वाद आहे तो वाटणीचा.

मल्लाशी होणारा करार ठरावीक लढतींचा असतो. प्रत्येक लढतीसाठी दोन रकमा ठरतात. एक रिंगणात उतरल्याबद्दल आणि दुसरी, सहसा तेवढीच, जिंकल्याबद्दल. अलीकडील वर्षांत नवख्या मल्लाचा दर ‘बारा अधिक बारा’, म्हणजे उतरण्याचे १२ हजार डॉलर व जिंकल्यास आणखी १२ हजार, असा असल्याचे सर्वश्रुत आहे. वर्षात दोन, फार तर तीन लढती वाट्याला येतात. दोन्ही हरल्या तर वर्षाची कमाई २४ हजार डॉलर. यातून वस्तादाचा वाटा जातो, व्यवस्थापकाचा जातो, तालमीचे शुल्क, सराव-जोडीदार, आहार आणि कर हे सर्व जाते. हरलेल्या मल्लाच्या जखमा जिंकणाऱ्याहून निम्म्या असतात असे नाही. मोबदला मात्र निम्मा होतो. उत्कृष्ट लढतीबद्दल काही निवडक मल्लांना त्या रात्री वेगळे बक्षीस मिळते, आणि अनेक वर्षे त्याचा दर ५० हजार डॉलर राहिला. नवख्याच्या दृष्टीने ती वर्षाच्या कमाईहून मोठी रक्कम होती. परंतु ते देणे न देणे सर्वस्वी संस्थेच्या मर्जीवर. मजुरी तुटपुंजी ठेवायची आणि बक्षिसी घसघशीत द्यायची ही धन्याची रीत आपल्यालाही नवी नाही. बक्षिसी घेणारा आभार मानतो. मजुरी घेणारा हिशेब मागतो.

पूर्वी मल्लांना आणखी एक आधार होता. लढतीच्या चड्डीवर आणि मागे धरलेल्या फलकावर ते आपापल्या जाहिरातदारांची नावे झळकवीत आणि त्याचे पैसे घेत. जुलै २०१५ पासून संस्थेने रीबॉक कंपनीचा गणवेश सक्तीचा केला आणि त्या जाहिराती बंद झाल्या. बदल्यात लढतींच्या संख्येनुसार ठरावीक रक्कम मिळू लागली. पाच किंवा त्याहून कमी लढती झालेल्यास प्रत्येक लढतीमागे २,५०० डॉलर आणि विजेतेपद धारण करणाऱ्यास ४० हजार डॉलर. ‘याहून अधिक आम्ही स्वतः मिळवीत होतो’ अशी तक्रार अनेकांनी उघडपणे केली.

न्यायालयात पुढे सादर झालेल्या अर्थतज्ज्ञांच्या अहवालांतून असे दिसले, की यूएफसीच्या उत्पन्नातील मल्लांचा वाटा एक पंचमांश किंवा त्याहून कमी राहिला. अमेरिकेतील बास्केटबॉल, फुटबॉल, आइस हॉकी या सांघिक खेळांत खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. हा फरक कोठून आला? मालक लोभी आहेत एवढे म्हणून हे कोडे सुटत नाही, कारण बास्केटबॉलच्या संघांचे मालकही काही संत नव्हेत.

संस्थेची बाजूही ऐकली पाहिजे. तिचे म्हणणे असे, की बंदीच्या छायेतील खेळ आम्ही राज्यांच्या क्रीडा-आयोगांकडे नेऊन नियमबद्ध केला, तोट्याची वर्षे सोसली, आणि मल्लांची एकूण मिळकत वर्षानुवर्षे वाढतच गेली आहे. यात तथ्य आहे. २०११ पासून सरावातील दुखापतींसाठी विमाही संस्थेनेच सुरू केला. परंतु मिळकत वाढणे ही एक गोष्ट आणि वाटणी योग्य असणे ही दुसरी.

फरकाचे पहिले कारण बाजाराच्या रचनेत आहे. एखादा माल विकणारा एकच असला, की आपण त्याला मक्तेदार म्हणतो. विकत घेणारा एकच असला तर काय होते, याची जाण मात्र कापूस पिकविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना अधिक आहे. महाराष्ट्रात १९७२ पासून काही दशके कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. तिचा हेतू शेतकऱ्याला हमीभाव देण्याचा, म्हणजे उदात्त होता. तरीही शेजारच्या राज्यात भाव चढला, की रातोरात गाड्या सीमेपलीकडे जात. दुसरा ग्राहक असणे ही विक्रेत्याची खरी ताकद असते. यूएफसीने हीच सीमा बुजविली. २००६ मध्ये वर्ल्ड एक्स्ट्रीम केजफायटिंग, २००७ मध्ये जपानची प्राइड, २०११ मध्ये स्ट्राइकफोर्स अशा प्रतिस्पर्धी संस्था तिने एकामागून एक विकत घेतल्या. ज्याला उच्च दर्जाची लढत हवी, त्याला जाण्यासाठी फारशी दारे उरली नाहीत.

शिवाय करारातील कलमे. विजेतेपद मिळाले, की कराराची मुदत आपोआप वाढे. म्हणजे मल्लाची किंमत सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी त्याला बाजारात उभे राहता येऊ नये अशी तजवीज. दुखापत झाली, लढत नाकारली किंवा निवृत्ती जाहीर केली, की मुदतीचे घड्याळ थांबे. करार संपल्यावरही दुसऱ्याने देऊ केलेला दर तेवढाच देऊन मल्लाला राखून ठेवण्याचा अधिकार काही काळ संस्थेकडे राही. आणखी एक गोष्ट कुस्तीच्या जाणकारांना चटकन उमगेल. येथे मैदान भरविणारा, जोड लावणारा, मल्लांचा क्रम लावणारी व्यवस्था चालविणारा आणि शेवटी गदा देणारा एकच आहे. पंच तेवढे राज्याच्या आयोगाचे.

या परिस्थितीविरुद्ध १६ डिसेंबर २०१४ रोजी कुंग ली, नेट क्वारी आणि जॉन फिच या माजी मल्लांनी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा लावला. दावा मक्तेदारीविरोधी कायद्याखाली होता, आणि तो सर्व मल्लांच्या वतीने समूहदावा म्हणून चालावा अशी मागणी होती. पुढे तो नेवाडात न्यायमूर्ती रिचर्ड बूलवेअर यांच्यापुढे गेला. समूहदाव्याला मान्यता मिळण्यासच ऑगस्ट २०२३ उजाडला. डिसेंबर २०१० ते जून २०१७ या काळात लढलेले सुमारे १,२०० मल्ल त्या समूहात होते. वादींच्या तज्ज्ञांनी नुकसान ८१ कोटी ते १६० कोटी डॉलरांच्या दरम्यान मांडले होते, आणि या कायद्याखाली सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट रक्कम देण्याची तरतूद आहे. मार्च २०२४ मध्ये हा आणि नंतरच्या काळाविषयीचा दुसरा दावा मिळून ३३.५ कोटी डॉलरांची तडजोड झाली. जुलैमध्ये न्यायमूर्तींनी ती नामंजूर केली. असे क्वचितच घडते. मग पहिल्या दाव्यापुरती ३७.५ कोटींची तडजोड ठरली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. दर मल्लामागे सरासरी सुमारे अडीच लाख डॉलर. अनेक मल्लांनी न्यायालयाला लिहून आपली स्थिती कळविली होती. शरीर थकले आहे, डोक्यावरील आघातांचे परिणाम दिसू लागले आहेत, पैसे आता हवेत, आणखी काही वर्षांनी नकोत. दहा वर्षे चाललेल्या दाव्यातील तडजोड एवढ्याशा रकमेवर का झाली, असे विचारणाऱ्यांनी त्या पत्रांचा विचार करावा.

परंतु या सर्व खटाटोपातून मिळाली ती मागील काळाची भरपाई. उद्याचा दर कोण ठरवणार, या प्रश्नाला न्यायालय हात घालत नाही. त्यासाठी संघटनाच लागते.

बेसबॉलचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्या खेळात ‘राखीव कलम’ नावाची प्रथा होती. करार संपला तरी खेळाडू जुन्या संघाचाच राही. सेंट लुईस संघाचा कर्ट फ्लड याने १९६९ मध्ये झालेली आपली अदलाबदल नाकारली आणि ‘मी विकण्याची वस्तू नव्हे’ अशा अर्थाची भूमिका घेऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ साली तो हरला आणि त्याची कारकीर्दही संपली. मात्र खेळाडूंची संघटना तोवर उभी होती. पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले मार्विन मिलर १९६६ पासून तिचे नेतृत्व करीत होते. १९६८ च्या पहिल्या सामूहिक कराराने किमान पगार ६ हजारांवरून १० हजार डॉलरांवर नेला होता. संघटनेने पुढे तक्रारींसाठी निःपक्षपाती लवाद मिळविला, आणि त्याच लवादाने डिसेंबर १९७५ मध्ये राखीव कलम मोडीत काढले. फ्लडला एकट्याला न्यायालयात जे साधले नाही, ते संघटनेने कराराच्या एका कलमातून साधले.

मग मल्लांनी तेच का केले नाही? येथे कायद्याची एक विचित्र गाठ आहे, आणि माझ्या मते सर्व प्रश्नाचे मर्म तिच्यातच आहे. अमेरिकेत संघटना बांधण्याचा व सामूहिक वाटाघाटीचा हक्क १९३५ च्या श्रमसंबंध कायद्याने दिला. तो हक्क नोकरांना आहे. स्वतंत्र कंत्राटदारांना १९४७ च्या दुरुस्तीने त्यातून स्पष्टपणे वगळले. बेसबॉलपटू संघाचे नोकर असतात. यूएफसीचा मल्ल कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार आहे. इतकेच असते तरी ठीक होते. पण स्वतंत्र कंत्राटदारांनी एकत्र येऊन ‘अमुक दराखाली आम्ही काम करणार नाही’ असे ठरविले, तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याखाली व्यापाराला अडथळा आणणारा कट ठरू शकतो. ज्या कायद्याच्या आधारे मल्ल संस्थेवर दावा लावतात, तोच त्यांच्या एकजुटीच्या आड येतो. कामगार संघटनांना त्या कायद्यातून सूट आहे, पण ती मिळविण्यासाठी आधी कामगार ठरावे लागते.

आता हा कंत्राटदार कितपत स्वतंत्र आहे ते पाहा. सुतार आपली हत्यारे आपण निवडतो, एकाच वेळी चार घरांची कामे घेतो, दर सांगतो. मल्लाला गणवेश नेमून दिलेला, वागणुकीची संहिता नेमून दिलेली, अन्यत्र लढण्यास मनाई. २०१५ पासून उत्तेजक-चाचणीसाठी आपण रोज कोठे असणार हेही त्याने आगाऊ कळवायचे. चाचणी योग्यच आहे. परंतु ज्याच्या ठावठिकाण्याची रोज नोंद होते त्याला स्वतंत्र म्हणताना जीभ अडखळते.

हाच मुद्दा लेस्ली स्मिथ या महिला मल्लाने हाती घेतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिने ‘प्रोजेक्ट स्पिअरहेड’ सुरू केला. योजना साधी होती. ३० टक्के मल्लांनी संमतिपत्रकावर सह्या केल्या, की राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे अर्ज करता येतो. मंडळाला मग मल्ल नोकर आहेत की कंत्राटदार हे ठरवावेच लागले असते. सह्या गुप्त राहणार होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अटलांटिक सिटी येथे तिच्या कराराची शेवटची लढत होती. प्रतिस्पर्धी ठरलेल्या वजनात बसली नाही. अशा वेळी लढत नाकारण्याची मुभा असते. स्मिथने नव्या कराराचा विषय काढला. संस्थेने तिला उतरण्याचे आणि जिंकण्याचे असे दोन्ही पैसे देऊन करार पूर्ण झाल्याचे सांगितले. न लढता पूर्ण मोबदला! वरवर पाहता हे औदार्यच. पण त्या क्षणापासून ती यूएफसीची मल्ल उरली नाही, आणि संघटनेचा प्रचार आता तिला दाराबाहेरून करावा लागणार होता.

संघटनेच्या कामाबद्दल आपल्याला दूर केले, अशी तक्रार तिने श्रमसंबंध मंडळाकडे नेली. फिलाडेल्फियाच्या विभागीय कार्यालयाला प्रथम तीत तथ्य दिसले. नंतर प्रकरण वॉशिंग्टनला वरिष्ठांकडे गेले आणि सप्टेंबरमध्ये तक्रार फेटाळली गेली. मल्ल नोकर की कंत्राटदार, या मूळ प्रश्नाचा निर्णय त्यातून लागला नाही. सह्यांची मोहीमही आवश्यक टक्केवारी गाठू शकली नाही.

तिच्या आधीही प्रयत्न झाले होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘प्रोफेशनल फायटर्स असोसिएशन’ची घोषणा झाली. त्याच नोव्हेंबरमध्ये जॉर्जेस सेंट-पिएर, केन वेलास्केझ, टिम केनेडी यांच्यासारखे नामांकित मल्ल व्यासपीठावर एकत्र आले आणि त्यांनी दुसरी संघटना जाहीर केली. तिचे सल्लागार पूर्वी एका प्रतिस्पर्धी संस्थेचे प्रमुख होते. मालकांच्या गोटातून आलेला माणूस मल्लांचा कैवारी कसा, ही शंका पहिल्याच दिवसापासून घेतली गेली. दोन्ही संघटना लवकरच निःशब्द झाल्या.

कायद्याइतकीच अडचण या धंद्याच्या स्वभावात आहे. बेसबॉलचा संघ एकत्र प्रवास करतो, एकत्र जेवतो. मल्ल एकटा तयारी करतो, आणि ज्याच्याशी एकजूट करायची त्यालाच पुढच्या महिन्यात चितपट करायचे असते. कारकीर्द थोड्या वर्षांची. एकाने लढत नाकारली, तर त्याच्या जागी आठवड्याच्या सूचनेवर उतरायला दहाजण तयार असतात. त्यांना ती आयुष्यातील पहिली संधी वाटते. त्यांना फितूर म्हणणे मला पटत नाही. घरभाडे थकलेल्या माणसाला तत्त्वाचे ओझे दुसऱ्यासाठी वाहायला सांगणे सोपे असते.

एकट्याने निसटलेलेही आहेत. कॅमेरूनच्या बातिए गावात लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला फ्रान्सिस एनगानू हा हेवीवेट विजेता जानेवारी २०२३ मध्ये संस्था सोडून गेला. केवळ स्वतःचा दर वाढविणे एवढीच त्याची मागणी नव्हती. मल्लांसाठी आरोग्यविमा, स्वतःचे जाहिरातदार आणण्याची मुभा, आणि संस्थेच्या बैठकीत मल्लांच्या वतीने बोलणारा एक प्रतिनिधी, असे त्याने मागितले होते. तो बाहेर पडल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये टायसन फ्युरीशी आणि मार्च २०२४ मध्ये अँथनी जोशुआशी मुष्टियुद्ध खेळला आणि तेथे त्याने अफाट पैसा मिळविला. पण विजेतेपद ज्याच्या कमरेला आहे त्यालाच हे जमते, आणि त्याने सर्वांसाठी मागितलेला प्रतिनिधी काही नेमला गेला नाही.

मुष्टियोद्ध्यांनाही संघटना नाही. त्यांना आधार आहे तो कायद्याचा. २००० साली संमत झालेल्या मुहम्मद अली कायद्यानुसार लढतीतून आपल्याला काय मिळणार हे आयोजकाने मुष्टियोद्ध्याला कळवावे लागते, आणि आयोजक व व्यवस्थापक एकच माणूस असू नये असे बंधन आहे. गुरुजी ज्या हस्तपत्रकावर इनामाचा आकडा पाहात, त्याच्याही एक पाऊल पुढची ही गोष्ट. हा कायदा मिश्र युद्धकलेला लागू करावा असे विधेयक स्वतः या खेळातून आलेले प्रतिनिधी मार्कवेन मलिन यांनी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये मांडले. माजी विजेता रँडी कुटुर याने त्याच्या बाजूने प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्षही दिली. विधेयक संमत झाले नाही. कॅलिफोर्नियाने मात्र २०२३ मध्ये मल्लांसाठी निवृत्तिनिधीचा कायदा केला. तेथे मुष्टियोद्ध्यांना अशी सोय १९८० च्या दशकापासून आहे.

हा प्रश्न आता केवळ परक्यांचा राहिलेला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायच्या कार्यक्रमात भरत खंडारे यूएफसीच्या रिंगणात उतरला, आणि जून २०२४ मध्ये पूजा तोमर तेथे लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. आपल्या आनंदवाडीच्या आखाड्यात माती अंगाला लावणाऱ्या एखाद्या मुलापुढे उद्या असा करार आला, तर त्याने इनामाचा आकडा वाचून थांबू नये; मुदत कशाने वाढते, दुखापतीचा खर्च कोणाचा, आणि तंटा झाल्यास जायचे कोठे, ही तीन कलमे एखाद्या वकिलाकडून समजून घ्यावीत.

तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे. जुलै २०१७ नंतर लढलेल्या मल्लांचा दुसरा दावा २०२१ मध्ये दाखल झाला. पहिल्या दाव्यात तडजोड झाली तेव्हा तो न्यायालयात प्रलंबितच राहिला. मधल्या काळात संस्थेने आपल्या करारांत नवे कलम घातले आहे. त्यानुसार तंटा लवादापुढे, ज्याचा त्याने एकट्याने न्यायचा, आणि समूहाने दावा लावण्याचा हक्क सोडून द्यायचा. बेसबॉलच्या खेळाडूंनी लवाद मिळविला होता तो संघटनेच्या बळावर, वाटाघाटीत मागून. येथे लवादाचे कलम छापील कराराबरोबरच येते, आणि त्याखाली सही करताना मल्ल एकटाच असतो.